पैसा आधी, पावसाळा मधे, लग्न मागून
(डोंगरपट्ट्यातल्या सभासदांसाठी लग्नकार्याचे नियोजन)



ऊस विकास खात्याने लग्नावर लेख लिहावा याचे कुणाला नवल वाटेल. बेणे, खत, हुमणी, तांबेरा सोडून यांना हे कुठून सुचले, असेही कुणी म्हणेल. पण खरे सांगायचे तर जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत आमच्या गट ऑफिसच्या टेबलावर माती परीक्षणाच्या अहवालांपेक्षा लग्नपत्रिका जास्त येऊन पडतात. हळदकुंकू लावलेली पत्रिका, तीत आग्रहाचे निमंत्रण, आणि पाठोपाठ हळू आवाजात एक वाक्य : ‘‘साहेब, पोरीचं लगीन धरलंय. तेवढी आमची तोड पुढं घ्या की.’’

ही विनंती करणाऱ्यांत डोंगरपट्ट्यातले सभासद अधिक असतात. ते काही आडमुठे नाहीत, की त्यांना नियम ठाऊक नाहीत असेही नाही. त्यांची अडचण खरी आहे. लग्नाची तारीख एकीकडे आणि उसाचे बिल दुसरीकडे, अशी त्यांची ओढाताण होते. ही ओढाताण टाळता येईल का, एवढाच या लेखाचा विषय. कुणाच्या घरच्या कार्यात नाक खुपसण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या पैशावर ते कार्य उभे राहते तो उसाचा आहे, आणि ऊस हा आमचा विषय आहे.

तोड मागून का मिळत नाही

तोडणी कार्यक्रम लागणीच्या नोंदीप्रमाणे लागतो. एकाची पत्रिका बघून त्याची तोड पुढे घेतली, तर ज्याच्या घरी लग्न नाही त्याचा तुरा आलेला ऊस फडात उभा राहतो. शिवाय कोवळा ऊस तोडला तर वजनही कमी आणि उतारासुद्धा कमी. म्हणजे लग्नघराचेही नुकसान आणि सगळ्या सभासदांचेही.

डोंगरात आणखी एक गोष्ट आहे. शिरोळकडे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यात गगनबावड्याला ५००० मिलिमीटरच्या आसपास आणि कधी त्याहून जास्त पडतो. अशा मुलखात पावसाळ्यात आडसाली लागण करणे अवघड. भात निघाले, वाफसा आला, की मग डिसेंबर ते फेब्रुवारीत सुरू लागण होते. तो ऊस बारा महिन्यांनी पक्व होणार. त्यातही वरच्या वाड्यांची वाट ओली असेपर्यंत ट्रॉली आत जात नाही. म्हणून खालच्या गावांची तोड नोव्हेंबर-डिसेंबरला सुरू झाली, तरी डोंगरातली टोळी जानेवारी-फेब्रुवारीच्या पुढेच बसते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे. ते धरूनही डोंगरातल्या सभासदाच्या हातात पैसा पडायला मार्च-एप्रिल उजाडतो.

आणि लग्न? ते त्याने माघात नाहीतर फाल्गुनात धरलेले असते. मग मधले दोन महिने भागवायचे कशाने?

मधल्या दोन महिन्यांची किंमत

भागवायचे तीन मार्ग आपल्याकडे चालतात. एक, पीक कर्जाचा पैसा लग्नाला वापरायचा. दोन, उभा ऊस मिळेल त्या भावाने गुऱ्हाळाला घालायचा. तीन, सावकार.

पहिल्या मार्गात खताचा पैसा मांडवात जातो, उसाला डोस कमी पडतो आणि पुढच्या वर्षी टनेज घटते. वेळेत फेडलेले ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडते. पण ते थकले की सवलत गेली. दुसऱ्या मार्गात रोख लगेच मिळते, पण सोसायटीची वसुली होत नाही आणि कारखान्याकडची नोंदही मोडते. तिसऱ्या मार्गाचा हिशेब मात्र आपण कागदावर मांडूनच बघू.

समजा, एका सभासदाचा दोन एकर ऊस आहे. डोंगरी जमीन म्हणून एकरी ३५ टन धरू. एकूण ७० टन झाले. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. प्रत्यक्ष दर कारखान्याच्या उताऱ्यावर बदलतो, पण हिशेबाला हाच आकडा घेऊ. तोडणी-वाहतूक टनाला ९०० रुपये धरली, तर हातात येणारे राहिले २,६५० रुपये. सत्तर टनांचे झाले १,८५,५०० रुपये. यातून सोसायटीची कपात एकरी ५०,००० प्रमाणे १,००,००० रुपये. उरले ८५,५००. दुधावर आणि घरच्या भातावर रोजचे भागते असे मानले, तरी शाळा, दवाखाना आणि घरदुरुस्तीला ३०,००० कुठे जात नाहीत. मग वर्षाची खरी शिल्लक राहिली ५५,५०० रुपये.

आता याच सभासदाने लग्नासाठी खासगीतून २ लाख रुपये ‘तीन रुपये शेकडा’ दराने काढले. तीन रुपये शेकडा ऐकायला हलके वाटते. पण ते महिन्याचे आहेत. महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये व्याज. शिल्लक ५५,५०० आणि व्याज ७२,०००! म्हणजे वर्षभर ऊस पिकवून मुद्दलाला हात लागणे तर दूरच, व्याजसुद्धा पुरे होत नाही. दुसऱ्या वर्षी हेच, तिसऱ्या वर्षीही हेच. लेकीला लेकरू झाले, ते अंगणवाडीत जायला लागले, तरी तिच्या मांडवाचे व्याज बाप भरतोच आहे, अशी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पुढे एक दिवस तलाठ्याकडे सात-बारा काढायला माणूस जातो, तो फेरफारासाठीच.

परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे, हे इथेच सांगून ठेवतो. कोऱ्या मुद्रांकावर सही करू नये आणि जमिनीचे खरेदीखत ‘नुसते नावाला’ म्हणून कधीही करून देऊ नये.

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे सांगायची फॅशन जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे काढून जाळले. पुढे सरकारने चौकशीला आयोग नेमला. त्या आयोगाने लग्नखर्चाचाही विचार केला, आणि या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते असे मत नोंदवले. लग्न काही रोज येत नाही, वर्षांच्या हिशेबाने बघितले तर तो खर्च फार नाही, असे त्याचे म्हणणे होते. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

आम्हाला या निष्कर्षात तथ्य वाटते. डोंगरातला माणूस मुळात उधळ्या नाही. तीस-चाळीस घरांच्या वाडीत उधळायला असते तरी काय? त्याला बुडवते ते चुकीच्या वेळी काढलेल्या पैशाचे व्याज. लग्न बिलाच्या आधी दोन महिने धरले, की तो दोन महिन्यांचा फरक पुढे दहा वर्षे फेडावा लागतो. म्हणून खर्च कमी करा हे सांगण्याआधी आम्ही सांगतो की वेळ बदला.

पाणी माघात, पैसा वैशाखात

कुणी म्हणेल, मग सोपे आहे, बिल आल्यावर वैशाखात लग्न करावे. खालच्या गावांत हे चालते. डोंगरात नाही चालत.

वर्षभरात सगळ्यांत जास्त पाऊस जिथे पडतो, तिथेच एप्रिल-मे महिन्यात घागरभर पाण्यासाठी बायाबापड्या झऱ्यावर रांग लावतात. पाऊस उतारावरून वाहून खाली धरणात जातो, वर काही राहत नाही. अशा दिवसांत ४०० माणसांचे कार्य काढायचे म्हणजे माणशी १० लिटर धरले तरी ४,००० लिटर झाले, आणि भांडीकुंडी धुवायला आणखी हजारभर. ५,००० लिटर म्हणजे २०० लिटरची २५ बॅरले. टँकर डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. पुढे धनगरवाड्यापर्यंत ती बॅरले कुणी वाहायची? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले आहे : घरच्या बाया.

दुसरे संकट वळवाचे. वैशाखात दुपारनंतर ढग येतात, वावटळ सुटते आणि गारांसकट पाऊस झोडपतो. पत्र्याचा मांडव डोंगराच्या सोंडेवर उभा केला असेल तर तो खालच्या ओढ्यात शोधायची पाळी येते. तिसरे संकट वणव्याचे. गवत वाळलेले, पालापाचोळा पडलेला, अशात वरातीतला एक फटाका पुरतो. रानाबरोबर कुणाचा तरी न तुटलेला ऊसही पेटतो, आणि जळिताच्या उसाची कपात कुणाला सुटत नाही.

पंचांगाचीही एक अडचण असते. सन २०२६ च्या पंचांगात ज्येष्ठ अधिक असून तो १७ मे ते १५ जून असा आहे. अधिक महिन्यात लग्ने होत नाहीत आणि तो संपेतो डोंगरात पाऊस लागतो. म्हणजे त्या उन्हाळ्यात डोंगरातला मोसम मेच्या मध्यालाच संपला असे धरावे लागते. दर दोन-तीन वर्षांनी कुठला ना कुठला महिना अधिक येतोच.

उलट माघाचे बघा. माघ म्हणजे ढोबळमानाने जानेवारीअखेर ते फेब्रुवारी-मार्च. झऱ्यांना पाणी असते. आकाश स्वच्छ असते. रस्ते पावसाळ्यानंतर बुजवून वापरात आलेले असतात. घरात नवे भात, नाचणी, वरी आलेली असते. सन २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आजऱ्याचा घनसाळ ज्या भागात पिकतो, तिथे तर बाजाराचा तांदूळ आणण्याचे कारणच नाही. मांडवावर घालायला जांभळाचे, आंब्याचे हिरवे डहाळे बांधावरच मिळतात. माघाची एकच खरी खोट आहे : दहावी-बारावीच्या परीक्षा. वाडीतली पोरे परीक्षेला असतील तर कर्णा बंद ठेवावा, एवढे केले की झाले.

तेव्हा पाणी माघात आणि पैसा वैशाखात, ही डोंगराची तऱ्हा आहे. यातून वाट एकच. या उन्हाळ्यात आलेल्या बिलावर पुढच्या माघातले लग्न धरायचे. मधे एक पावसाळा जाऊ द्यायचा. पैसा आधी, पावसाळा मधे, लग्न मागून. वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एका बिलाची शिल्लक ५५,५०० पडते, दोन बिलांची १,११,०००. ज्याला जमेल त्याने दोन हंगामांची शिल्लक धरावी. मुलगी बारावीला गेली, मुलगा नोकरीला लागला, हे काही रात्रीत कळत नाही. स्थळ ठरलेले नसले तरी वर्ष ठरवता येते.

‘‘अहो, सोयरीक जमली की पाव्हणं थांबतंय व्हय?’’ असा प्रश्न येईल. थांबतात. पावसाळ्यात लग्न नाही हे दोन्ही घरांना माहीत असते. फाल्गुन-चैत्रात जमलेली सोयरीक वैशाखात घाईने उरकायची, की सुपारी फोडून माघापर्यंत थांबायची, एवढाच सवाल असतो. मधल्या काळात दोन्ही घरांची ओळख होते, मुलामुलीला एकमेकांचा स्वभाव कळतो. हा तोटा नव्हे.

साल कसे आखावे

फाल्गुन-चैत्र : बिल आल्यावर आधी सोसायटी भागवावी. उरलेली रक्कम घरात ठेवू नये, कारण घरातल्या पैशाला पाय फुटतात. ती बँकेत आठ-दहा महिन्यांच्या मुदतीने ठेवावी. सहकारी बँकांसह सर्व बँकांत ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण सन २०२० पासून आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, हे ध्यानात ठेवावे. टक्काभर जास्त व्याजाच्या मोहात लेकीच्या लग्नाचा पैसा अडकू देऊ नये.

वैशाख : सुपारी फोडावी आणि त्याच बैठकीत याद करावी. कोण काय करणार, किती माणसे, कुणाच्या दारात, हे सगळे कागदावर लिहून दोन्हीकडच्या जाणत्यांनी सह्या कराव्यात. बांधावरचा लाकूडफाटा आणि शेणी पावसाआधी कोरड्या जागी रचून ठेवाव्यात. लाकूड राखीव जंगलातून आणायचे नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि राधानगरी अभयारण्याच्या कडेच्या वाड्यांनी तर हे विशेष पाळावे. गॅसची सोय होत असेल तर उत्तमच.

ज्येष्ठ ते श्रावण : रोप लागणीत हात गुंतलेले असतात. या दिवसांत फक्त कागद गोळा करावेत. दोघांचे वयाचे दाखले, आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा.

भाद्रपद-आश्विन : आचारी, वाजंत्री, भांडी यांची बोली करावी. लग्नसराईच्या तोंडावर गेले तर दर दीडपट सांगतात. वऱ्हाडासाठी एस.टी.ची गाडी प्रासंगिक कराराने मिळते, त्याची चौकशी आगारात आधी करावी.

कार्तिक : भात मळले की लग्नाचे पोते बाजूला काढून त्यावर खूण करावी. बस्ता बांधायला दिवाळीची गर्दी ओसरल्यावर जावे.

मार्गशीर्ष-पौष : वाडीची वाट श्रमदानाने नीट करावी. पत्रिका वाटाव्यात. गट ऑफिसलाही एक द्यावी, आम्ही अगत्याने येऊ. मात्र तोड मागायला नव्हे, जेवायला बोलवावे!

तिथीचा फार आग्रह नसलेल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातला पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी लागला. भटजी नाही, डामडौल नाही, खर्च अगदी थोडा. ती तारीख धनुर्मासातली, म्हणजे एरवी लोक ज्या दिवसांत लग्न धरत नाहीत त्यातली. आजही त्या दिवसांत आचारी, वाजंत्री आणि गाड्या सहज मिळतात.

वाट, वाहन आणि वेळ

आता एक कळकळीची विनंती. ट्रॉली उसासाठी आहे, वऱ्हाडासाठी नाही. डोंगरात अजूनही पन्नास-साठ माणसे ट्रॉलीत किंवा उघड्या टेम्पोत भरून घाट उतरवतात. उतारावर ब्रेक तापतो, वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, आणि मग जे होते ते वर्तमानपत्रात येते. मालवाहू गाडीत माणसे भरणे कायद्याने गुन्हा आहेच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. एस.टी. किंवा प्रवासी गाडीच ठरवावी. दोन खेपा करणे परवडते.

मुहूर्त शक्यतो सकाळचा किंवा दुपारी बाराच्या आसपासचा घ्यावा. वऱ्हाड दिवे लागणीच्या आत घाट ओलांडून गेले पाहिजे. हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्या असतात, आणि दाजीपूरच्या बाजूला तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर उतरतात. वाहतूकदार सभासदांनीही ट्रॉलीच्या मागे लाल कापड आणि चकाकणारी पट्टी लावल्याशिवाय रात्री गाडी काढू नये. जोतिबाची चैत्र यात्रा किंवा गावची जत्रा ज्या दिवशी असेल, त्याच्या आगेमागे लग्न धरू नये. एस.टी.ही मिळत नाही आणि माणसेही.

पंगतीचे पाणी आदल्या दिवशी भरून ग्रामपंचायतीच्या माणसाकडून त्यात टी.सी.एल. पावडर योग्य प्रमाणात टाकून घ्यावी. खवा, बासुंदी असले दुधाचे नासके पदार्थ डोंगरात करू नयेत. शेपाचशे माणसांना एकदम बाधा झाली तर दवाखाना जवळ नसतो. आपली लापशी, बुंदी, आमटी-भात कशाला वाईट आहे? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या फाट्यापर्यंत येते, हे एका जबाबदार पोराला आधी विचारून ठेवायला सांगावे.

पैरा : डोंगराची ठेव

डोंगरात पैसा कमी आहे, पण एक ठेव अशी आहे की जी कुठल्या बँकेत नाही. ती म्हणजे पैरा. रोप लागणीला आपण एकमेकांच्या रानात पैरा करतो. आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. तसाच लग्नाचाही पैरा पूर्वीपासून आहे. मांडवाची मेढ कुणी आणायची, डहाळे कुणी, दूध कोणत्या घरचे, चटणी कांडायला कोण, वाढायला कोण, हे वाडी आपोआप वाटून घेते. ज्याच्या घरी कार्य आहे त्याच्या दारात शिधा येऊन पडतो.

अलीकडे हा पैरा मोडत चालला आहे. गावातला हॉल, शहरातला केटरर आणि डीजे आला, की वाडीतल्या माणसाला काम उरत नाही. तो पाहुण्यासारखा येतो, जेवतो आणि जातो. लग्नघराला मात्र जे फुकट होत होते त्याचे पैसे मोजावे लागतात. शिवाय शेजाऱ्याने डीजे आणला म्हणून आपण नाही आणला तर नाक कापले जाते, अशी एक शर्यत लागते. सन २०२५ मध्ये राज्यात ठिकठिकाणी मराठा समाजाने बैठका घेऊन लग्नासाठी आचारसंहिता ठरवली. माणसे मर्यादित, डीजे नाही, लग्न वेळेवर, असे नियम केले. असे नियम एकट्याने पाळणे अवघड असते. सगळ्या वाडीने मिळून ठरवले तर कुणाचेच नाक कापले जात नाही. आपल्या वाडीच्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा. टॉवेल-टोपीचे आहेर बंद, मानपानाच्या साड्या बंद, एवढ्या दोन ठरावांनीही मोठा फरक पडतो.

कायद्याच्या चार गोष्टी

मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण हवीत. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ प्रमाणे असे लग्न लावणारा, ठरवणारा आणि त्याला उत्तेजन देणारा, सगळेच दोषी ठरतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि मुलांसाठी १०९८ हा फोन आहे. ‘‘डोंगरात कोण बघतंय’’ असे म्हणून पोरीला पंधराव्या वर्षी उजवणे हा तिच्या आयुष्याशी खेळ आहे. एक लक्षात घ्या, घाईची अशी बरीच लग्ने पैशाच्या विवंचनेतूनच होतात. थोरलीच्या मांडवात धाकटीचेही उरकून टाकू, म्हणजे खर्च वाचेल, असा विचार होतो. वर्ष आधी आखणी असली तर असा विचार करायची पाळीच येत नाही.

हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे आहेत, १९६१ पासून. यादीत त्याला ‘पोशाख’, ‘वरदक्षिणा’, ‘गाडीसाठी मदत’ असे कोणतेही नाव दिले तरी तो हुंडाच. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत ९० दिवसांच्या आत करून घ्यावी. पुढे वारसाला, पेन्शनला, पासपोर्टला हाच कागद लागतो, आणि विशेषतः मुलीच्या हक्काला त्याचा आधार असतो.

शेवटी थोडेसे

आमच्या खात्याच्या हातात काय आहे तेही स्पष्ट सांगतो. तोड पुढे घेणे आमच्या हातात नाही. पण लागणीच्या वेळी आपण गट ऑफिसला आलात, तर कोणत्या रानात कोणती जात कधी लावली असता ऊस केव्हा पक्व होईल आणि साधारण कोणत्या महिन्यात तोड बसेल, हे आम्ही अदमासाने सांगू शकतो. ज्यांच्या रानात ऑक्टोबर-नोव्हेंबरला वाफसा येतो, त्यांनी थोडे क्षेत्र पूर्वहंगामी लावावे. लागण तुटल्यावर खोडवा नीट राखावा, पाचट जाळू नये, सरीत दाबावे. सगळा ऊस एकाच वेळी लावला की सगळा पैसाही एकाच वेळी येतो. तो दोन टप्प्यांत आला तर घराला आधार होतो.

सभासद भगिनींना एक वेगळी विनंती. घराचा हिशेब आपल्याला पक्का ठाऊक असतो, पण यादीच्या बैठकीत आपल्याला ओसरीच्या आत बसवतात. यंदा तो कागद लिहिताना पुढे येऊन बसावे. पाणी कुणी भरायचे आणि व्याजाच्या वर्षांत काटकसर कुणी करायची, हे ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचा त्या कागदावर पहिला हक्क आहे.

यंदाचे बिल हातात आले की आधी सोसायटी, मग ठेव, आणि मगच सुपारी, हा क्रम ठेवावा. माघात मांडव पडेल तेव्हा लेक वाजतगाजत सासरी जाईल आणि मागे घरात कुणाचा कागद राहणार नाही.



आपला,
ऊस विकास अधिकारी